गांधीलमाशी नव्हे, भुंगा असावा

वाशातलं भोक गांधीलमाशीचं तर नाही ना, असं विचारलंत; घाबरू नका. पडवीच्या वाशाला बोट जाईल एवढं गोल भोक आणि खाली लाकडाचा भुसा, म्हणजे आधी भुंगाच (लाकूड कोरणारी, मधमाशीच्या कुळातली मोठी माशी) धरून चाला. सुरुवातीला एवढंच बघा:

– कंबर: गांधीलमाशीची बारीक, चिमटल्यासारखी. भुंगा जाडजूड, छाती केसाळ.
– पंख: काळ्या भुंग्याचे उन्हात निळे-जांभळे चमकतात. थांबून बघाच, फार देखणे!

नवखी माणसं नुसत्या रंगावरून ओळखायला जातात, नाहीतर लगेच भोकात औषध मारतात. तसं करू नका. भुंगा लाकूड खात नाही. मादी पिल्लांसाठी घर कोरते. हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही, नराला तर नांगीच नसते. वांग्याच्या फुलांना परागीभवनासाठी त्यांचा मोठा आधार. फोटो पाठवाल तर आकार कळावा म्हणून भोकाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा.