स्पायनलनंतरचं डोकं पाळीमुळं दुखतं का?

तुमचं ऑपरेशन पाळीच्या तारखेजवळ येतंय म्हणून विचारलंय की स्पायनल म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीनंतर डोकं जास्त दुखेल का, तारीख बदलू का. माझं मत, नुसत्या तेवढ्यासाठी बदलू नका.

माझा घोटा मोडला होता. सात रस्ता चौकात गाडी घसरली, प्लेट टाकली, भूल पाठीतून. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले आणि मानेपासून कपाळापर्यंत कुणीतरी आवळतंय असं झालं. पाळीच्या आधी मला मायग्रेन होतं हे घरात सगळ्यांना माहीत, तारीखही दोन दिवसांवर, त्यामुळं आमच्या आक्का म्हणजे नणंद लगेच, "हिचं दर महिन्याचं आहे की, डॉक्टरला कशाला बोलवायलीस?" अहो, माझं मायग्रेन मला कळत नाही का? ते एका बाजूला ठणकतं, अंधारात पडलं तरी ठणकतं. हे आडवं झालं की दोन मिनिटांत गायब, बसलं की परत. आक्कांनी कडक भाकरी आमटीत चुरून दिली, चार घास होईपर्यंतसुद्धा बसवेना, कुशीवर पडून खाल्ली, आमटी उशीवर सांडली, तरी "नाटकं करायली".

पाचव्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले, पहिलाच प्रश्न, झोपल्यावर थांबतं का? सुईनं मणक्यातल्या पाण्याच्या पिशवीला भोक पडतं, पाणी झिरपतं, त्यामुळं बसलं की दुखतं. हातातून माझंच 15-20 मिली रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं, संध्याकाळी मी बसून चहा प्याले. नेमकी त्याच रात्री पाळी आली आणि आक्का अजून म्हणतात पाळीनं उतरलं!

1898 मध्ये ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जननं ही भूल सुरू केली, स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली आणि त्यालाही अशीच, आडवं पडलं की थांबणारी डोकेदुखी लागली. त्याला कुठली पाळी होती?

बायकांना, त्यातही तरुण आणि बाळंतिणींना, हे जास्त होतं हे मात्र खरं, त्यात इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचा हात असावा असंही मानतात. पण तुम्ही डॉक्टरांना सुई विचारा, 25 किंवा 27 नंबरची म्हणजे बारीक, पेन्सिलसारख्या टोकाची आहे का. बिनउशीचं सपाट पडून राहिल्यानं हे टळत नाही, त्यावरून कुणाची बोलणी खाऊ नका.

आणि हो, ताप, झटके, धूसर दिसणं, हातापायात कमजोरी किंवा झोपूनही न थांबणारं दुखणं असलं तर लगेच दवाखाना गाठा, बाळंतिणीच्या मेंदूच्या शिरेत गुठळीही होऊ शकते, तेव्हा घरातलं कोण काय म्हणतंय ते ऐकत बसू नका.