हरणाऱ्या संघाचे प्रशिक्षकपद

‘नोकरी आज जाते की उद्या, या धास्तीने काम सुचत नाही,’ अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका गृहस्थांची हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे, कारण ही धास्ती कामात कशी शिरते ते त्यांच्याबाबतीत फार स्पष्ट दिसले.

ते एका व्यावसायिक फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. संघ लागोपाठ हरून गुणतालिकेच्या तळाशी गेला होता. ‘प्रशिक्षकांवर आमचा पूर्ण विश्वास आहे,’ असे मालकांनी जाहीर केल्यापासून तर त्यांची झोपच उडाली होती, कारण असे निवेदन बऱ्याचदा गच्छंतीच्या आधीच येते, हे या पेशातल्या लोकांना चांगले ठाऊक असते.

मी झोपेचा विषय बाजूला ठेवून संघनिवडीबद्दल विचारले. मोसमाच्या आरंभी ज्या तरुण खेळाडूला डाव्या बगलेवर खेळवायचे त्यांनी ठरवले होते, तो आता राखीव बाकावर बसत होता. त्याच्या चुकीने गोल झाला तर दोष आपल्यावर येईल, अनुभवी खेळाडूच्या चुकीने झाला तर त्याच्यावर जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

“सर, हा संघ तुम्ही सामन्यासाठी निवडता की मालकांपुढे द्यायच्या जबाबासाठी?” मी विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

लेस्टर सिटीला 2016 मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकून देणारे प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी यांना फेब्रुवारी 2017 मध्येच काढले गेले, हे उदाहरण त्यांनीच आपल्या भीतीच्या समर्थनार्थ दिले. मी त्यांना प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांची आठवण करून दिली. 2020 च्या जानेवारीअखेर एफसी गोवाने त्यांना दूर केले तेव्हा संघ इंडियन सुपर लीगमध्ये अव्वल होता, आणि पुढच्याच मोसमात त्यांनी मुंबई सिटीला लीग शील्ड (साखळी सामन्यांत अव्वल राहिल्याचा मान) व अजिंक्यपद दोन्ही मिळवून दिले. पद गेले म्हणजे लायकी गेली, हे समीकरण त्यामुळे मला मुळीच मान्य नाही. मात्र प्रत्येकाला अशी दुसरी संधी लवकर मिळतेच असे नाही, आणि तसे भासवून धीर देणे मी अप्रामाणिकपणाचे मानतो.

म्हणून आम्ही कराराकडे वळलो. मुदतीपूर्वी काढल्यास किती भरपाई मिळेल, ते कलम सही केल्यापासून त्यांनी उघडूनही पाहिले नव्हते. घरी काळजी नको म्हणून पत्नीलाही काही सांगितले नव्हते. पुढच्या भेटीला त्या सोबत आल्या. वर्तमानपत्रांतून त्यांना सगळे कळलेलेच होते; त्यांनी एवढेच विचारले, “काढलंच, तर पगार कोणत्या महिन्यापर्यंत येईल?” वकिलाकडून त्याचे उत्तर मिळाल्यावर दोघांनी घरखर्चाचा आणि मुलीच्या फीचा हिशेब कागदावर मांडला. त्यानंतर त्यांना रात्री सलग झोप लागू लागली, आणि तो तरुण खेळाडू पुन्हा पहिल्या अकरांत आला.

निकाल मात्र फारसे बदलले नाहीत आणि मोसम संपण्यापूर्वीच त्यांना पद सोडावे लागले. भरपाई हप्त्याहप्त्याने मिळाली. सध्या ते कुमार गटाच्या एका संघाला शिकवतात. तिथल्या करारावर सही करण्यापूर्वी मुदतपूर्व समाप्तीचे कलम पतीपत्नींनी वकिलासमोर बसून वाचून घेतले.