वाचकांचे प्रश्न : चित्रपुस्तकांतून प्राचीन कलेची ओळख

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीसाठी प्राचीन कलेवरील दोन चित्रपुस्तके आणली. ती पाने भराभर उलटते आणि मी मजकूर वाचून दाखवू लागले की तिचे लक्ष उडते. अशी पुस्तके कशी निवडावीत आणि मुलांसोबत कशी पाहावीत?

उत्तर : मजकूर तूर्त बाजूला ठेवावा. या वयात राजवंश आणि शैली यांपेक्षा चित्रात काय चालले आहे, याचेच कुतूहल अधिक असते. फ्रान्समधील शोवे या आदिमानवाच्या भित्तिचित्रांच्या गुहेत एका रानगव्याला आठ पाय काढलेले आहेत. तो धावताना दाखवण्याचा हा प्रयत्न असावा, असे अभ्यासक मानतात, परंतु हे आपण आधीच सांगून टाकू नये. मुलीला पाय मोजू द्यावेत आणि इतके पाय कशासाठी, हे तिलाच विचारावे. तिचे उत्तर वेगळे आले, तरी लगेच दुरुस्त करण्याची घाई नको.

निवडीबाबत माझा आग्रह एकच आहे : मूळ कलाकृती केवढी आहे, हे पुस्तकातून कळले पाहिजे. फ्रान्समधल्याच लास्को गुहेच्या भिंतीवर चितारलेला सर्वांत मोठा रानबैल ५ मीटरहून लांब आहे, तर ऑस्ट्रियात १९०८ मध्ये सापडलेली विलेनडॉर्फची स्त्रीमूर्ती जेमतेम ११ सेंटिमीटर उंच आहे. छापील पानावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात आणि मुलांच्या मनात तेच ठसते. शेजारी माणसाची किंवा हाताची आकृती दिलेली असेल तर उत्तम. नसल्यास जमिनीवर खडूने ५ मीटरची रेघ ओढून मुलीला तिच्यावरून चालायला सांगावे आणि मूर्तीच्या उंचीची मातीची बाहुली तिच्याकडूनच करून घ्यावी.

चित्रकाराने नव्याने रेखाटलेली चित्रे कितीही देखणी असली, तरी मूळ कलाकृतीचे निदान एक छायाचित्र सोबत हवेच, कारण खडकाचा फुगवटा आणि उडालेला रंग रेखाटनात बहुधा हरवतो. आज पांढरे दिसणारे ग्रीक संगमरवरी पुतळे मुळात रंगवलेले असत, हे सांगणारे पुस्तक मिळाले तर अवश्य घ्यावे. पुष्कळ मोठ्यांनाही ते ठाऊक नसते.

राहिला प्रश्न पाने उलटण्याचा. कालक्रमाने पहिल्या पानापासूनच पाहिले पाहिजे, असे मुळीच नाही. ती आपणहून ज्या पानावर थांबेल, तेथूनच बोलणे सुरू करावे आणि त्या दिवशी तेवढे एकच पान पाहून झाले, तरी चालेल.