वाचकांचे प्रश्न : गळ्यात हार्मोनिका, हातात गिटार, मग माईक कुठे?

गिटार वाजवत गाणाऱ्यांनी गळ्यातल्या होल्डरमध्ये हार्मोनिका लावली की ती स्टेजवर ऐकू कशी आणायची, याबद्दल यंदा किनारपट्टीवरून बरेच प्रश्न आले. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न (मालवण) : तारकर्लीच्या एका रिसॉर्टवर शनिवार-रविवारी गिटार घेऊन गातो. स्टँडवर एकच माईक आहे, शुअर एसएम५८. गाणं नीट ऐकू येतं, पण हार्मोनिका लांबून कुठूनतरी वाजल्यासारखी वाटते. साऊंडवाल्याने आवाज वाढवला की शिट्टी सुरू. हार्मोनिकासाठी वेगळा माईक घेऊ का?

इतक्यात घेऊ नका. हार्मोनिका कमी आवाजाचं वाद्य नाही. दहा भोकांची साधी डायटॉनिक (एकाच पट्टीची हार्मोनिका) जोरात फुंकली तर बंद खोलीत ती गिटारला झाकून टाकते. तुमची हार्मोनिका हरवते ती अंतरामुळे. स्टँड सरळ दांड्याचा आणि माईक तोंडासमोर आडवा असेल, तर होल्डर जाळीवर आपटतो. ते टाळायला माणूस नकळत मागे सरकतो. गाताना मान पुढे काढता म्हणून गळा ऐकू येतो. हार्मोनिका मात्र फूटभर लांब राहते. अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. ५ सेंटिमीटरवरून ३० वर गेलात की साडेपंधरा डेसिबल गेले. ते भरून काढायला साऊंडवाला गेन (मिक्सरवर माईकचा आवाज उचलण्याचं प्रमाण) वाढवतो, आणि त्याबरोबर मॉनिटर (तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर), मंडपाचा पत्रा, तुमची गिटार, सगळंच वाढतं. शिट्टी येते ती त्यातून.

दुसरी गोष्ट तळव्यांची. हातात धरून वाजवणारा हार्मोनिकामागे तळव्यांची पोकळी करतो आणि स्वराला भरीवपणा देतो. तुमचे दोन्ही हात गिटारवर, त्यामुळे आवाज मागच्या पत्र्यांतून थेट बाहेर पडतो, पातळ आणि टोकदार. इथे माईक जवळ असण्याचा दुहेरी फायदा आहे. एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक जवळून येणाऱ्या आवाजाचा खर्ज फुगवतो. गाण्यात कधी कधी नकोसा वाटणारा हा गुण हार्मोनिकाला मात्र हवाच असतो.

तेव्हा आधी बूम स्टँड (वर आडवा दांडा असलेला) मागून घ्या. त्याचे पाय तुमच्यापासून लांब, उजवीकडे समोर ठेवा, म्हणजे गिटारची मान आणि दांडा यांची टक्कर होणार नाही. होल्डर असा बसवा की हार्मोनिका ओठांच्या रेषेपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर खाली राहील. वाजवताना हनुवटी किंचित खाली घ्यायची, गाताना तिच्यावरून गायचं. मान वाकवून हार्मोनिका शोधावी लागत असेल तर होल्डर फार खाली आहे. माईकची जाळी हार्मोनिकाच्या मागच्या बाजूसमोर, मधोमध, ४ ते ६ सेंटिमीटरवर ठेवा. तीन बोटं आडवी मावली पाहिजेत. त्याहून जवळ नको, कारण दहा भोकं साधारण साडेसात सेंटिमीटरमध्ये पसरलेली असतात. माईक अडीच सेंटिमीटरवर आणला तर टोकाची भोकं त्याच्यापासून चार सेंटिमीटरच्या पुढे जातात आणि मधल्या स्वरांपेक्षा साडेचार डेसिबलने मागे पडतात. सहा सेंटिमीटरवर हा फरक सव्वा डेसिबलच्या आसपास उरतो. कागदावरचं गणित आहे, पण कानालाही तसंच लागतं.

आता मॉनिटर. कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. म्हणून माईकची शेपटी ३० ते ४५ अंश खाली कलवा आणि मॉनिटर तिच्या रोखाने, अगदी समोर जमिनीवर ठेवा. साऊंडवाल्याने बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड दिला तर हेच चुकीचं ठरतं. तो माईक पाठीमागून थोडा ऐकतो, आणि सर्वांत बहिरा असतो समोरून साधारण १२५ अंशांवर. मग मॉनिटर समोरून काढून तिरका बाजूला सरकवावा लागतो. स्टेजवरच्या निम्म्या शिट्ट्या एवढ्यानेच थांबतात.

साऊंड चेकला गेन गळ्यावर लावू नका, हार्मोनिकावर लावा. १-२-३ ही भोकं एकत्र जोरात ओढा, मग ७-८-९ जोरात फुंका. लाल दिवा लागता कामा नये. लो कट (अगदी खालचा आवाज कापणारं बटण) चालू ठेवा. लहान मिक्सरवर तो ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि चालतो, कारण सी हार्मोनिकाचा सर्वांत खालचा स्वर २६२ हर्ट्झ, जी हार्मोनिकाचा १९६. कर्कशपणा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. तिथे ३ डेसिबल कमी करा, जास्त नको. त्याच चॅनलवर गळाही आहे आणि शब्दांची स्पष्टता तिथेच राहते. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारी सोय) असेल तर ३:१ ठेवा आणि जोराच्या फुंकीला ४-५ डेसिबल दाबेल इतपतच लावा.

एवढं करूनही दुसरा माईक हवाच असेल, तर एसएम५७ सारखा डायनॅमिक माईक वेगळ्या स्टँडवर घ्या. होल्डरला लटकवू नका. पावणेतीनशे ग्रॅमहून जास्त वजन होल्डरला खाली ओढतं. पण दोन्ही माईक एकाच वेळी उघडे असले की हार्मोनिका दोघांत थोड्या वेगळ्या वेळी पोहोचते आणि स्वर पोकळ, डब्यातल्यासारखा होतो. शिवाय उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. गळा आणि हार्मोनिका कधीच एकदम वाजत नाहीत. तेव्हा माईकसाठीचा, एक्सएलआर (माईकच्या तीन पिनांच्या) जोडण्या असलेला पायाचा म्यूट स्विच घ्या आणि एका वेळी एकच माईक उघडा ठेवा. गिटारचा ए-बी पेडल (दोन वाटांतली एक निवडणारा) या कामाचा नाही.

प्रश्न (अलिबाग) : मोबाईलसाठीचा कॉलर माईक होल्डरला चिमट्याने लावला. कन्व्हर्टर पिन घालून मिक्सरला जोडला तर आवाजच नाही, नुसती घरघर. माईक खराब आहे का?

बहुतेक नाही. या माईकच्या आत इलेक्ट्रेट कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) असते आणि तिला चालायला दोन ते पाच व्होल्ट लागतात. ते मोबाईल स्वतःच्या जॅकमधून देतो. मिक्सरची एक्सएलआर जागा एकतर काहीच देत नाही किंवा फँटम (माईकसाठी मिक्सरमधून येणारी वीज) चालू केल्यावर ४८ व्होल्ट देते, तेही वेगळ्या रचनेने. साध्या कन्व्हर्टरने हे जमत नाही. ४८ व्होल्ट उतरवून माईकला योग्य वीज देणारा अडॉप्टर वेगळा मिळतो, तो मागा. दुकानात माईकची पिन सोबत न्या. तिच्यावर तीन काळ्या पट्ट्या असतील तर ती मोबाईलची चार-संपर्क पिन आहे आणि दोन पट्ट्यांच्या जागेत घालायला आणखी एक जोड लागेल.

हे सगळं जमलं तरी तो स्टेजवर वापरावा असं आम्ही सुचवणार नाही. कॉलर माईक बहुधा चारी बाजूंनी ऐकतो. छातीशी लावलेला म्हणजे गिटार आणि मॉनिटर दोन्ही त्यात शिरतात. दुसरं, तीन सेंटिमीटरवरून फुंकलेली हार्मोनिका स्वस्त कॅप्सूलला झेपत नाही. आवाज फाटतो, आणि मिक्सरचा गेन कमी केल्याने तो सुधरत नाही, कारण तो मिक्सरच्या आधीच फाटलेला असतो. घरी रेकॉर्डिंगला वापरा, हरकत नाही.

होल्डरवरच माईक हवा असेल तर ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या तोंडाला चिमटा लावून बसवतात तो लवचिक मानेचा कार्डिऑइड कंडेन्सर घ्या. शुअर बीटा ९८एच/सी हे त्याचं एक उदाहरण. तो फँटमवर चालतो आणि जोराचा आवाज सोसतो. चिमटा होल्डरच्या बारीक सळईवर घसरतो, त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा सळईला घट्ट गुंडाळा. रबरामुळे नट वळवल्याचे, सळई गिटारला लागल्याचे खटकेही माईकपर्यंत कमी पोहोचतात. केबल सळईला वळसा देऊन पाठीमागे न्या. सरळ खाली सोडली तर उजव्या हाताच्या प्रत्येक फटक्याला ती हलेल. श्वासाची वाफ थेट आत जाऊ नये म्हणून स्पंजची टोपी हवीच.

प्रश्न (रत्नागिरी) : ब्लूजसाठी बुलेट माईक (मुठीत धरायचा हार्मोनिकाचा माईक) घेऊन तो होल्डरला बांधला तर तसा जाड, खरखरीत आवाज येईल का?

नाही. तो आवाज माईकपेक्षा पकडीतून येतो. तळव्यांत हार्मोनिका आणि माईक गच्च कोंडले की दाब वाढतो आणि ॲम्प्लिफायर ओव्हरड्राइव्हमध्ये जातो, म्हणजे आवाज किंचित फाटतो. ग्रीन बुलेटसारखा माईक चारी बाजूंनी ऐकतो; मोकळा बांधलात की तो बारीक आवाज आणि मोठी शिट्टी देईल.

होल्डरवर जवळपास पोहोचायचं तर डायनॅमिक माईक, मग इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अवरोध) जुळवणारा ट्रान्सफॉर्मर, मग गिटारचा ओव्हरड्राइव्ह पेडल अगदी कमी गेनवर. तो ट्रान्सफॉर्मर एक्सएलआर ते साध्या जॅकच्या तयार अडॉप्टरमध्येच मिळतो. दोनशे-तीनशे ओहमचा माईक त्याच्याशिवाय पेडलला जोडला तर आवाज क्षीण येतो. पेडलनंतर थोडा डिले (उशिराने येणारा प्रतिध्वनी) द्या, साधारण ३०० मिलिसेकंद, एक-दोन आवर्तनं. रिव्हर्ब (घुमारा) हातचा राखून. पत्र्याच्या हॉलमध्ये तो आधीच भरपूर असतो.

प्रश्न (गुहागर) : समुद्राकाठच्या कार्यक्रमात माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. वाऱ्याचा घोंघावही फार.

झिणझिण्यांचं आधी बघा, तोवर वाजवू नका. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माईकची जाळी मिक्सरच्या. ॲम्प्लिफायर घराच्या बोर्डावर, मिक्सर जनरेटरवर आणि मध्ये कुठेतरी अर्थिंग तुटलेलं, अशा वेळी दोघांतला फरक तुमच्या हातातून ओठांत जातो. होल्डरवाल्याला धोका जास्त, कारण हार्मोनिकाचे पत्रेही धातूचे आणि ती सतत ओठांत. त्यात ओली वाळू आणि अनवाणी पाय.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं माईकच्या जाळीला. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा आला तर थांबा. अर्थिंग नसलेल्या उपकरणामुळे तो शंभरच्या आसपासही दिसू शकतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणा, त्या बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला सांगा. हम (स्पीकरमधली विजेची गुणगुण) जावा म्हणून प्लगची तिसरी पिन तोडण्याची पद्धत गावोगाव आहे; ती जिवावर बेतणारी आहे. हमसाठी डीआय बॉक्सवरचा (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट वापरा.

वाऱ्याचं सोपं आहे. दिवसा आणि संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून येतो. स्टेज असं मांडा की तुमची पाठ समुद्राकडे राहील. शरीराचा आडोसा माईकला मिळतो (आणि लोकांना तुमच्यामागे सूर्यास्त दिसतो, फोटो चांगले येतात). स्पंजची जाड टोपी आणि १२० हर्ट्झपर्यंत लो कट. कार्डिऑइड माईक वाऱ्याला चारी बाजूंनी ऐकणाऱ्या माईकपेक्षा जास्त हळवा असतो, म्हणून टोपीत काटकसर नको. कर्णे मात्र गावाकडे तोंड करून राहतील, तेव्हा रात्री दहाची वेळ पाळा.

प्रश्न (सावंतवाडी) : माझी पट्टी काळी एक. कुठली हार्मोनिका घेऊ? क्रोमॅटिक घेतली तर सगळ्या पट्ट्या एकातच मिळतील ना?

क्रोमॅटिकचं बटण दाबायला हात लागतो, आणि तुमचा हात गिटारवर आहे. ती बाद. ट्रेमोलोत प्रत्येक स्वराच्या दोन पत्त्या (कंप पावून स्वर काढणाऱ्या पातळ पट्ट्या) मुद्दाम किंचित बेसूर लावलेल्या असतात. मोठ्या स्पीकरवर त्या लहरींचा गोंधळ होतो. डायटॉनिक घ्या.

काळी एक म्हणजे सी शार्प. दुकानात ती हार्मोनिका डी फ्लॅट या नावाने मिळेल. साध्या चालींना तीच. ब्लूजच्या वळणाला सुरापासून चौथ्या स्वराची, म्हणजे एफ शार्प. हाच हिशेब पांढरी पाचला (जी) सी आणि पांढरी तीनला (ई) ए असा चालतो. कॅपो लावलात तर बोटांचा आकार मोजू नका, ऐकू येणारा सूर मोजा: दुसऱ्या पडद्यावर कॅपो आणि जीचा आकार म्हणजे गाणं ए मध्ये.

प्रश्न (वेंगुर्ले) : होल्डर दोन पावसाळ्यांत गंजला, नट घसरतात, गाण्याच्या मधेच हार्मोनिका खाली झुकते. हार्मोनिकाही अडकते.

नट घसरतात ते धातूवर धातू फिरल्याने. दोन्ही बाजूंच्या विंग नटखाली एकेक रबरी किंवा फायबरचा वॉशर घाला. चार-आठ आण्यांचं काम आहे म्हणा ना. नटच्या आट्यांना गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. तेल लावलंत तर पुसून कोरडं करा, ओशट नट आणखी घसरतो. नवा घेताना स्टेनलेस स्टीलचा घ्या, निकेलचा मुलामा खाऱ्या हवेत फार टिकत नाही.

हार्मोनिका अडकते ती बहुधा लाकडी कोंबमुळे (comb, म्हणजे भोकं असलेली मधली चौकट), कारण ओलीने लाकूड फुगतं. होनरच्या मरीन बँडचा कोंब लाकडाचा, स्पेशल २०चा प्लास्टिकचा. किनाऱ्यावर दुसरी बरी. वाजवून झालं की भोकं खाली करून तळव्यावर आपटा आणि पंख्याखाली अर्धा तास उघडी ठेवा, मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. ओली असतानाच डब्यात कोंडली तर पितळी पत्त्यांवर हिरवट थर धरतो आणि स्वर उतरतो. माईकची स्पंजची टोपीही महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. ती ओली राहिली की वरचे स्वर दबतात, आणि लोक ट्रेबल वाढवत बसतात.