शेतातल्या वायरलेस सेन्सरची बॅटरी नऊ दिवसांत उतरते. सिग्नलची पॉवर कमी करू का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळ उसात ओलावा मोजणारे आठ लोरा नोड (कमी विजेत लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ लावलेले सेन्सर) आहेत, दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घरावरच्या गेटवेला, म्हणजे सगळ्या नोडांचे निरोप घेणाऱ्या पेटीला, जातं आणि २६०० एमएएचचा (मिलीअँपिअर-तासांचा) सेल नऊ दिवसांत बसतो. पॉवर कमी करू नका आणि मोठ्या सेलवरही पैसे घालू नका. बॅटरी पाठवण्यात जात नाहीये, ऐकत बसण्यात जातेय.

हिशेब मांडून बघा. एसएक्स १२७६ ही रेडिओ चिप पूर्ण ताकदीनं पाठवताना साधारण १२० मिलीअँपिअर ओढते. स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा) ७ असेल तर एक छोटं रीडिंग ६० मिलीसेकंदांच्या आसपास पाठवून होतं. दिवसाला ९६ रीडिंग, म्हणजे रेडिओ अख्ख्या दिवसात सहा सेकंद बोलतो. खर्च ०.२ एमएएच. ऐकताना तीच चिप १२ मिलीअँपिअरच घेते, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण चोवीस तास ऐकलं की २८८ एमएएच होतात. २६०० ला २८८ नं भागा: नऊ दिवस.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या भाताच्या खाचरांत पहिल्या वर्षी बारा नोड लावले तेव्हा हेच झालं. सेल बदलायला चिखलातून जाताना काकांनी विचारलं, "पंधरा मिन्टांनी एकदा बोलतंय म्हणतोस, मग मधल्या वेळात ते काय करूलालंय?" मी उत्तर शोधायला लागलो तो तिथून.

नोड ऐकत बसतो, कारण गेटवेचा निरोप कधी येईल ते त्याला माहीत नसतं. ती वेळ ठरवून टाकली की प्रश्न सुटतो. नोडनं उठावं, रीडिंग पाठवावं, लगेच थोडा वेळ कान उघडा ठेवावा आणि झोपावं. काही सांगायचं असेल तर गेटवेनं तेवढ्यातच सांगायचं. लोरावॅन म्हणजे लोरा नोडांचं जाळं चालवायचे ठरलेले नियम, त्यातल्या क्लास ए या प्रकारात हेच आहे: पाठवल्यानंतर एक आणि दोन सेकंदांनी ऐकायच्या दोन छोट्या खिडक्या. तुमचा मोबाइलही असाच वागतो. स्क्रीन बंद असताना तो टॉवरनं ठरवून दिलेल्या क्षणीच जागा होतो आणि आपल्यासाठी कॉल आहे का ते बघतो.

इथवर मी आलो आणि दुसरी चूक केली. बाराही नोड एकाच वेळी उठायला लावले, बरोबर पावणेला, बरोबर तासाला. सगळ्यांचे सिग्नल एकमेकांवर आदळले, पोच आली नाही म्हणून प्रत्येकानं परत परत पाठवलं, आणि सेल पुन्हा बसायला लागले. हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये अलोहा नावाचं रेडिओ जाळं सुरू झालं, तिथे ज्याला वाटेल त्यानं पाठवायचं अशी रीत होती. त्या रीतीत फार तर १८ टक्के वेळ कामी येतो, वेळेचे ठरावीक तुकडे पाडले तर ३७ टक्के. आणि तुकडा एकट्याच्याच नावावर असेल तर आपल्या नोडांची आपसात टक्कर होतच नाही. सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याची पाळी लावतात, तशी लावा. पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. आठ नोडांना दहा-दहा सेकंद दिले तरी ढीगभर वेळ उरतो.

एवढे मोठे तुकडे घड्याळासाठी लागतात. बऱ्याच चिपांमधलं आतलं आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारं) घड्याळ टक्क्यांत चुकतं, आणि एक टक्का म्हणजे पंधरा मिनिटांत नऊ सेकंद, पाळी मोडलीच. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावा. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतकाच चुकणारा) असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. उन्हात डबा तापला की तो आणखी मागे पडतो, तरी दहा सेकंदांत सहज बसतं. गेटवेच्या पोचपावतीतच "पुढची पाळी इतक्या सेकंदांनी" असा आकडा पाठवला की चूक साचत नाही.

पंपाच्या स्टार्टरचं तुम्ही वेगळं विचारलंय. तो नोड मात्र झोपवू नका, पण त्याला सेलवरही ठेवू नका. थ्री-फेज आल्याशिवाय मोटर चालणारच नाही, मग त्याच लाइनवरून त्याला वीज द्या. लाइन आली की तो जागा, गेली की बंद. पाण्याचे वाल्व्ह उघडणारे नोड असतील तर ते पंधरा मिनिटांनी उठले तरी चालतं. उसाला पाणी पाजायला तासन्‌तास लागतात.

पंधरा मिनिटंही बारा महिने कशाला? आमच्याकडे जुलैत ओलावा दिवसेंदिवस हलत नाही. तेव्हा मी दोन तासांची पाळी लावतो आणि पाऊस उघडला की परत खाली आणतो. तुमच्याकडे पाऊस कमी, तर आकडे तुमच्या जमिनीवरून ठरवा.

एवढं केलं की खर्च झोपेतच काय तो उरतो. सेन्सरची वीजही झोपताना तोडा, आणि सेलच्या ओळीत मल्टिमीटर लावून झोपेतला करंट मोजा. मिलीअँपिअरच्या रेंजवरच सुरू करा, मायक्रोच्या रेंजवर रेडिओ उठला की बोर्ड रीसेट होतो. ०.१ मिलीअँपिअरपर्यंत आलात तर दिवसाला २.४ एमएएच. करंट एक मिलीअँपिअरच्या वर दिसला तर बोर्डावरचा एलईडी किंवा रेग्युलेटर खातोय. बोर्ड कोणता ते इथे लिहा, काय काढायचं ते सांगतो.