चार्ली वॉट्स गेल्यावर रोलिंग स्टोन्सनी थांबायला हवं होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ड्रमर चार्ली वॉट्स गेला आणि जेमतेम महिनाभरात रोलिंग स्टोन्स पुन्हा स्टेजवर उभे राहिले, हे केवळ पैशासाठी नव्हतं का? इतक्या जुन्या बँडने अशा वेळी दुकान बंद करू नये का?

माझ्या मते नाही. तुमचा राग मला कळतो, कारण चार्ली माझाही सगळ्यात आवडता स्टोन. पण आधी तारखा नीट बघा. चार्ली 24 ऑगस्ट 2021 रोजी, वयाच्या 80व्या वर्षी गेला. ड्रमर स्टीव्ह जॉर्डन त्याच्या जागी वाजवणार हे मात्र त्याच महिन्याच्या सुरुवातीला, तो हयात असतानाच जाहीर झालं होतं. चार्लीवर उपचार झाले होते, सावरायला वेळ लागणार होता आणि महामारीमुळे 2020 पासून रखडलेला दौरा आपल्यामुळे आणखी पुढे जावा असं त्याला वाटत नव्हतं. माझ्याऐवजी वाजव, असं जॉर्डनला आपणच सांगितल्याचं त्याने निवेदनात स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे त्याची जागा कुणी बळकावली नाही. ती त्याने स्वतः सोपवली.

ओळखही जुनी होती. 1988 साली स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने पहिला एकल अल्बम केला, तेव्हा ड्रमवर जॉर्डन होता, गाणी लिहिण्यात आणि निर्मितीतही तोच सोबत होता. कीथ सांगतो त्याप्रमाणे, दुसऱ्या कुणाबरोबर काम करणार असशील तर स्टीव्हबरोबर कर, हा सल्ला त्याला चार्लीनेच दिला होता.

26 सप्टेंबर 2021 ला सेंट लुईसमध्ये दौरा सुरू झाला. सुरुवातीला स्टेज रिकामं, फक्त ड्रमचा ठेका वाजतोय आणि पडद्यावर चार्लीची एकामागून एक छायाचित्रं. मग बाकीचे आले. गायक मिक जॅगरने तो कार्यक्रम चार्लीला अर्पण केला. याला कुणी बाजारूपणा म्हणत असेल तर मला ते पटत नाही. जानेवारी 1963 पासून ज्याच्या ठेक्यावर तुम्ही गाताय, त्याच्याविना पहिल्यांदा दौऱ्यावर उभं राहायचं आणि आवाज लागू द्यायचा, हे सोपं नसतं.

खरा प्रश्न माझ्यासाठी वेगळा आहे: त्याच्याशिवाय ते गाणं तेच राहतं का? इथे मात्र तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. चार्ली मूळचा जॅझचा माणूस. डाव्या हातातली काठी जुन्या जॅझवाल्यांसारखी, तळवा वर ठेवून धरायचा. ड्रमचा संच लहानसा. आणि त्याची एक खास लकब होती: स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या मधल्या ड्रमवर, ठोका द्यायच्या क्षणी तो उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून, उचलून घ्यायचा. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. चार्लीच्या बाबतीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला झांज गप्प होते आणि स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू येतो. एकदा हे कानात बसलं की स्टोन्सच्या अनेक गाण्यांत तुम्हाला ते सापडेल. दुसरी गोष्ट, बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये कीथची गिटार पुढे आणि चार्ली तिच्या किंचित मागे. त्या किंचित अंतरामुळे गाणं एका अंगावर रेलून चालल्यासारखं वाटतं, पण पडत कधीच नाही.

जॉर्डन तसं वाजवत नाही. त्याचा ठोका जड आहे, लय ठाम आणि थोडी पुढे रेटणारी. 2021 नंतरच्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं ऐकली तर गाणी जास्त बांधीव, जास्त जोरकस वाटतात आणि ते झुलणं कमी होतं. मला ते झुलणं हवंहवंसं वाटतं, हे कबूल. पण जॉर्डनने चार्लीची नक्कल करायला घेतली असती तर मी ऐकणंच सोडलं असतं. गेलेल्या माणसाच्या लकबी उसन्या घेऊन वाजवण्यापेक्षा आपल्या हाताने वाजवणं मला जास्त आदराचं वाटतं.

याच बँडने हे आधीही पाहिलंय. त्यांचा गिटारवादक ब्रायन जोन्स 3 जुलै 1969 रोजी गेला, त्याच्या काही आठवडे आधी तो बँडमधून बाहेर पडला होता. दोनच दिवसांनी, 5 जुलैला, लंडनच्या हाइड पार्कमध्ये ठरलेला मोफत कार्यक्रम झाला. जॅगरने इंग्रज कवी शेलीची कविता वाचली आणि नवा गिटारवादक मिक टेलर याला घेऊन ते वाजवू लागले.

आता पैसा. तो असतोच, नाकारण्यात अर्थ नाही. पण स्टेडियमच्या दौऱ्यावर ध्वनी, प्रकाश, स्टेज उभारणी, ट्रक चालवणारे असे कितीतरी लोक महिनोन्‌महिने कामाला बांधलेले असतात. दौरा रद्द झाला तर जॅगरचं फार काही अडत नाही, अडतं ते या लोकांचं. द हू या बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल 27 जून 2002 ला लास वेगासमध्ये गेला, दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. गिटारवादक पीट टाउनशेंड आणि गायक रॉजर डॉल्ट्री यांनी 1 जुलैला पिनो पॅलाडिनोला सोबत घेऊन कार्यक्रम केला. एन्टविसलला कुणी विचारलं नव्हतं, विचारायला वेळच नव्हता. शिवाय तो बेस मुख्य गिटारसारखा वाजवायचा, त्यामुळे ती पोकळी कुणालाही भरता येण्यासारखी नव्हती. तरी मी त्या दोघांना दोष देणार नाही.

झी झी टॉपचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तेच तिघे पन्नासहून अधिक वर्षं एकत्र होते. जुलै 2021 मध्ये बेसवादक डस्टी हिलला तब्येतीमुळे दौरा सोडून घरी जावं लागलं. त्याची बेस गिटार एलवूड फ्रान्सिसने हातात घेतली, जो कित्येक वर्षं पडद्यामागे त्यांच्या गिटारी सांभाळत होता. ही निवडही डस्टीचीच. काही दिवसांत डस्टी गेला आणि फ्रान्सिस तिथेच राहिला. बाहेरून नावाजलेला वादक आणण्यापेक्षा, ज्याला त्या तारा रोज जुळवताना प्रत्येक स्वर पाठ झालाय त्याला पुढे आणणं मला फार योग्य वाटतं.

थांबणाऱ्यांचाही मान आहेच. 25 सप्टेंबर 1980 ला ड्रमर जॉन बोनम गेला तेव्हा लेड झेपलिनचा अमेरिका दौरा तोंडावर होता. त्यांनी तो रद्द केला आणि 4 डिसेंबरला बँड संपल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला होता. त्यांनी ब्रायन जॉन्सनला आणलं आणि जुलैत काळ्या वेष्टनाचा, घंटेच्या टोलांनी सुरू होणारा अल्बम काढला. दोन्ही निर्णय मला खरे वाटतात. झेपलिनला बोनमशिवाय आपण झेपलिन नाही असं वाटलं, एसी/डीसीला तसं वाटलं नाही. हे आतल्यांनाच कळतं.

माझी अडचण होते ती लिनर्ड स्किनर्ड या बँडपाशी. 1977 च्या विमान अपघातात गायक रॉनी व्हॅन झँटसह काही जण गेले. 1987 मध्ये रॉनीच्या धाकट्या भावाला घेऊन बाकीचे परतले, तोपर्यंत ठीक. पण मार्च 2023 मध्ये गॅरी रॉसिंग्टन, म्हणजे संस्थापकांतला शेवटचा माणूस गेला, तरी नाव तेच आणि दौरे चालू. गाणी जिवंत राहावीत हे मला मान्य आहे. पण ज्यांनी ती घडवली त्यांच्यातला एकही स्टेजवर नसेल, तर त्या नावाने तिकीट विकू नये असं मला वाटतं. स्टोन्समध्ये मिक आणि कीथ आहेत, तिथे तो प्रश्नच येत नाही.

तुमची खात्री करून घ्यायची असेल तर स्टोन्सचा 2023 चा ‘हॅकनी डायमंड्स’ घ्या. त्यातल्या ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या गाण्यांवर चार्ली आहे. दुसऱ्यात तर जुना बेसवादक बिल वायमनही आलाय. आधी ती दोन ऐका, लगेच ‘अँग्री’ लावा, त्यावर जॉर्डन आहे. हेडफोन वापरा आणि फक्त स्नेअरकडे लक्ष ठेवा.