डावीकडची कोशिंबीर उजवीकडे

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये, लीड्सला असते. आई-अण्णा सांगलीत, विश्रामबागला. अण्णा ६४ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. गेल्या महिन्यात त्यांना टाइप टू डायबेटिस निघाला. एचबीएवनसी ८.४ आहे, गोळ्या सुरू झाल्यात. मी फोनवरूनच भात, साखर, बटाटा, भडंग सगळं बंद करायला सांगितलं, कुरिअरने ओट्स आणि शुगर-फ्री बिस्किटं पाठवली. आता अण्णा माझ्याशी धड बोलत नाहीत. आई म्हणते, रात्री उठून डबे उघडतात. इतक्या लांबून मी काय करू?

उत्तर: आधी आज संध्याकाळी फोन कर आणि बंदी उठव. अण्णांशीच बोल, आईमार्फत निरोप नको.

माझ्या वडिलांना शुगर निघाली तेव्हा मीही हेच केलं होतं. मी तर आहाराचंच काम करते, त्यामुळे माझी यादी तुझ्यापेक्षा लांब होती. दोन महिन्यांनी गव्हाच्या कोठीमागे भडंगाचा डबा सापडला. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोरून खायची वेळ आणलीस." ते वाक्य मला अजून बोचतं. त्या दिवसापासून मी कुणालाही पहिल्या भेटीत "बंद करा" असं सांगत नाही.

आता तो ८.४ चा आकडा. तिकडे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. तुझ्या तिथल्या ७.८ ला १८ ने गुणलं की आपले १४० होतात. एचबीएवनसी हे प्रकरणच वेगळं. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी असते आणि आपल्याकडे टक्क्यांत लिहितात. तिकडे हाच ८.४ टक्क्यांचा रिपोर्ट ६८ असा येईल. ६.५ टक्क्यांपासून, म्हणजे तुमच्या ४८ पासून, मधुमेह धरतात. अण्णांना हे समजवायला तुला फार कष्ट पडायचे नाहीत. कारखान्यात रोजचा उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली तो आकडा, वेगळा आणि हंगामाचा सरासरी उतारा वेगळा, हे त्यांनी जन्मभर फळ्यावर पाहिलंय. बोटातून रक्त काढून बघतो तो रोजचा उतारा, एचबीएवनसी म्हणजे सरासरी. एका दिवशी १९० आली म्हणून घाबरायचं नाही, आणि एका दिवशी ११० आली म्हणून श्रीखंडावर ताव मारायचा नाही.

तिकडून ग्लुकोमीटर मात्र पाठवू नकोस. तो मिलिमोलमध्ये आकडे दाखवणार, आणि त्याच्या पट्ट्या सांगलीच्या मेडिकलमध्ये मिळतीलच असं नाही. यंत्र इथलंच घ्यायला सांग. एक वही कर. दोन आठवडे रोज एकाच जेवणाची नोंद ठेवायची: जेवणाआधी किती, पहिल्या घासापासून दोन तासांनी किती, ताटात काय होतं. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा असं साधारण धरतात. अण्णांच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं. हिशोबात मुरलेल्या माणसाला आपली वही आपण भरायला आवडतं. कुठल्या पदार्थाने काय होतं हे ते तुझ्याआधी ओळखतील.

खरं काम आहे ते आईच्या ताटात. आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि चमचाभर कोशिंबीर. ती कोशिंबीर वाटीभर करून उजवीकडे आणायला सांग. निम्मं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं: मेथी, शेपू, दोडका, वांगं, घेवड्याच्या शेंगा, काकडी, मुळा, जे मंडईत स्वस्त असेल ते. पाव ताट मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं किंवा अंडी. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. बटाट्याची भाजी त्या दिवशी भाकरीच्या हिश्श्यात मोजायची, भाजीच्या नाही.

भाकरीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. "ज्वारीच आहे, कितीही खा." मी एकदा माझ्या आईचं पीठ काट्यावर मोजलं. एका भाकरीला ७० ग्रॅम! म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं एकट्या भाकरीत. अशा दोन भाकरी आणि वर वाटीभर भात झाला की भाजीला पोटात जागाच उरत नाही. ज्वारीत तंतू आहेत, सडीक तांदळापेक्षा ती केव्हाही बरी, पण तीही शेवटी पिष्टच. आईला म्हण, उंडा लहान घे. ४० ग्रॅमची भाकरी थापायला हात बसायला चार दिवस लागतात, मग सवय होते. ज्या दिवशी भात हवा त्या दिवशी अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. भात शेवटी घ्यायची आपली पद्धत इथे उपयोगाची आहे. कोशिंबीर आणि उसळ आधी पोटात गेली की साखर सावकाश चढते. आणि जेवणानंतर शतपावली. शंभर पावलांनी भागणार नाही, दहा-पंधरा मिनिटं गल्लीत फिरायचं, आईलाही बरोबर घेऊन.

तुझे ओट्स वाईट नाहीत, पण भाकरीच्या माणसाला त्यांची गरज नाही. बिस्किटांत साखर नसली तरी मैदा आहेच. ती वाटून टाकू दे.

चहात आई आता गूळ घालत असेल, खात्रीने सांगते. गूळ आणि साखर यांत शुगरच्या दृष्टीने उन्नीस-बीसचाच फरक. दिवसातून चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३०-४० ग्रॅम रोज. एका झटक्यात बिनसाखरेचा चहा दिला तर अण्णा कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पितील. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. माझ्या वडिलांना दीड महिना लागला, पुढे त्यांना लग्नातला चहा तोंडात धरवत नव्हता.

बेदाण्यांचंही बोलते, कारण तासगावचा बेदाणा आपल्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवतात आणि त्याला कुणी गोडात धरत नाही. १०० ग्रॅम बेदाण्यांत साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. पाच-सहा दाणे ठीक, मूठ नाही.

आणि भडंग. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी पाचला, लहान वाटीत काढून, सगळ्यांसमोर. चुरमुरे निम्मे, शेंगदाणे जास्त, वर कच्चा कांदा आणि काकडी भरपूर. डब्यातून थेट खायचं नाही, एवढाच नियम.

अण्णा एकादशी करतात का, हे तू लिहिलं नाहीस, पण आपल्या भागात पाळणारी घरं पुष्कळ, म्हणून सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडीने साखर कशी उसळते ते वहीत एकदा दिसलं की पुरे. त्याऐवजी थोडी वरई आणि दाण्याची आमटी, खमंग काकडी, दही, एक पेरू. पण त्याआधी अण्णांना गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांग. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर उपवासात साखर फार खाली जायची भीती कमी. त्याबरोबर ग्लिमिपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर उपाशी राहणं धोक्याचं आहे, आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं. हात थरथरले, घाम फुटला, डोकं गरगरलं तर लगेच तपासायचं. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तपासायला यंत्र हाताशी नसेल तर साखरपाणी आधी. गुंगी असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे आईला पाठ असू दे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि पायांची तपासणी या तीन गोष्टी निदानाच्या वेळीच व्हायला हव्यात. झाल्या नसतील तर पैसे पाठवण्यापेक्षा अपॉइंटमेंट घेऊन दे. ते काम लीड्सहूनही होतं.

व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी करू नकोस. ताटाकडे कॅमेरा वळवायला लावणारा मुलगा मी पाहिलाय, त्या घरी आई रडत होती. रविवारी कर, वही दाखवा म्हण, आणि आकडा वर गेला असेल तर आधी विचार, "त्या दिवशी काय झालं होतं?"

शेवटचं तुझ्याबद्दल. वडिलांना मधुमेह असला की मुलांना धोका वाढतो, आणि आपल्या लोकांत हा आजार लहान वयात, कमी वजनावर येतो. म्हणूनच तुमच्याकडे दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ पासूनच धोका धरतात, गोऱ्या लोकांसाठी २५. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी मोफत तपासणीला बोलावतात. तुझी चाळिशी झाली असेल आणि पत्र आलं नसेल, तर या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तुमच्या तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन कर. चाळिशी अजून लांब असेल तरी वडिलांचं सांगून विचार. आणि रिपोर्ट आला की तो अण्णांना पाठव. वहीत एक पान तुझंही लिहू दे त्यांना.